या मुलाचे ‘नेहमीचे’ काय? साथीच्या काळात जुनाट फुप्फुसविकाराच्या मुलांची परिचर्या

२०२० च्या उन्हाळ्यात कुठल्याही रुग्णालयाच्या दारात तीन प्रश्न ठरलेले होते. ताप आहे का? खोकला आहे का? धाप लागते का? ज्या मुलाच्या फुप्फुसाला लहानपणीच्या न्यूमोनियाने किंवा क्षयाने कायमची इजा केली आहे, त्याच्या आईने या प्रश्नांना काय उत्तर द्यायचे? खोकला तर तीन वर्षांपासून रोज सकाळी आहे. जिना चढला की धापही लागते. ‘हो’ म्हणावे तर मूल संशयितांच्या रांगेत, म्हणजे जिथे त्याने मुळीच असू नये अशा जागी जाऊन बसते. ‘नाही’ म्हणावे तर ते खोटे ठरते, आणि उद्या खरोखर काही झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही.

साथीचे नियम सर्वांसाठी केलेले असतात आणि ते तसेच असावे लागतात. पण जुनाट फुप्फुसविकाराचे मूल सर्वांसारखे नसते. नियम आणि ते मूल यांच्यामध्ये जी व्यक्ती उभी असते, ती बहुतेक वेळा परिचारिका असते. बालरुग्ण विभागातील सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील एएनएम, नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या बाळांचा फोनवर पाठपुरावा करणारी परिचारिका, या सर्वांसाठी आणि घरी तेच काम चोवीस तास करणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. कोविडने जे शिकवले, ते पुढच्या साथीआधी हाताशी हवे. ती साथ कोविडची असो, स्वाइन फ्लूची असो किंवा आज नाव नसलेल्या एखाद्या विषाणूची.

ही मुले कोणती?

संख्येने सर्वांत जास्त आहेत बालदम्याची मुले. त्यानंतर अपुऱ्या दिवसांची, जन्मानंतर अनेक आठवडे काचेच्या पेटीत आणि ऑक्सिजनवर राहिलेली बाळे. यांच्या फुप्फुसांची वाढ अडखळते आणि काहींना घरीही ऑक्सिजन लागतो. वारंवार न्यूमोनिया, गोवर किंवा क्षय यांमुळे श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन त्यांत कफ साठतो, तो ब्रॉन्किएक्टॅसिस. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार भारतात अजूनही उशिरा ओळखला जातो. गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसवलेली मुले, आणि स्नायू दुबळे असल्यामुळे खोकण्याची ताकद नसलेली मुलेही याच गटात येतात.

यातल्या प्रत्येकाचा धोका सारखा नाही. कोविडच्या काळात दम्याची, पण औषधाने आजार आटोक्यात असलेली बहुतेक मुले सुखरूप बाहेर पडली. घरचा ऑक्सिजन, ट्रॅकिओस्टॉमी किंवा दुबळे स्नायू असलेल्या मुलांना मात्र कुठलाही श्वसनाचा विषाणू जड जातो. म्हणून तुमच्या यादीतल्या मुलांची आधी विभागणी करा. कोणाला आठवड्याला फोन पुरेल, कोणाला दोन दिवसांनी करावा लागेल आणि कोणाच्या घरी जावेच लागेल, ते ठरवा. ही यादी साथ येण्याआधी तयार हवी. साथ आल्यावर ती करायला कोणाला सवड मिळत नाही.

पहिले काम: ‘नेहमीचे’ लिहून काढा

मूल बरे असताना, शांत बसलेले असताना पुढील गोष्टी एका कार्डावर लिहा. एक प्रत घरी, एक मुलाच्या केसपेपरला आणि एक फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवा.

१. शांत असताना एका मिनिटात किती श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही.
२. ऑक्सिमीटरवरचा नेहमीचा आकडा, जागेपणीचा आणि झोपेतला. घरी ऑक्सिजन असेल तर किती लिटरवर.
३. खोकला दिवसात केव्हा, किती. कफाचा रंग आणि दाटपणा.
४. मूल किती खेळते, किती जेवते, बाळ असेल तर सलग किती वेळ पिते.
५. वजन आणि ते केल्याची तारीख.
६. औषधांची नावे, मात्रा आणि वेळा. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का.
७. मुलाचे डॉक्टर कोण आणि त्रास वाढल्यास त्यांनी ठरवून दिलेली कृती.

ऑक्सिमीटरची ९४ ही संख्या कोविडच्या दोन वर्षांत घराघरांत पोहोचली. निरोगी मुलासाठी ती उपयोगाचीच होती. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांतही मुलांच्या कोविडमध्ये ९४ किंवा त्याहून जास्त म्हणजे सौम्य, ९० ते ९३ म्हणजे मध्यम आणि ९० च्या खाली म्हणजे गंभीर अशी विभागणी होती. पण ज्या मुलाचा आकडा बरे असतानाही ९२ असतो, त्याच्या घरी ही संख्या रोज घबराट पसरवते. आणि ज्याचा नेहमी ९८ असतो, तो ९४ वर आला तरी ‘नॉर्मल आहे’ म्हणून घर निश्चिंत राहते. दोन्ही वेळा चूक एकच आहे. आकडा मुलाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहिला गेला नाही.

ऑक्सिमीटर लावण्याचीही रीत आहे. हात गार असतील तर आधी चोळून ऊबदार करा. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटावर नीट बसत नाही. बाळासाठी पायाला गुंडाळायचा प्रोब लागतो. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा आणि नाडीचे ठोकेही बघा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. म्हणून यंत्र चांगले सांगत असेल पण मूल वाईट दिसत असेल, तर मुलावर विश्वास ठेवा.

पंप बंद करायचा नाही

साथ आली की घरात पहिली शंका येते ती पंपाबद्दल (इनहेलरबद्दल). “त्यात स्टेरॉइड असतं, प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात, थोडे दिवस बंद ठेवू का सिस्टर?” याचे उत्तर ठाम असावे. नियमित घ्यायचा पंप बंद करू नका. दम्याच्या उपचारांना जगभर दिशा देणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०२० मध्ये हेच सांगितले होते. श्वासातून घेतलेले स्टेरॉइड अगदी थोड्या मात्रेत, नेमके श्वासनलिकेवर काम करते. ते बंद झाले की दमा उसळतो आणि मूल त्याच रुग्णालयात पोहोचते, जिथून त्याला दूर ठेवायची आपली धडपड होती. ज्या मुलांना तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या गोळ्या एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते.

औषध तेच ठेवून ते देण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. नेब्युलायझरच्या फवाऱ्यासोबत आजारी मुलाच्या श्वासातील सूक्ष्म कणही खोलीभर पसरण्याची भीती असते. म्हणून त्याच संस्थेने शक्य तिथे नेब्युलायझर टाळून पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे) वापरण्याचा सल्ला दिला. यात मुलाचे काही कमी होत नाही. साध्या व मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले औषध नेब्युलायझरइतकेच काम करते.

स्पेसरची पद्धत प्रत्येक भेटीत पालकांकडून करून घ्या. नुसती सांगू नका. पंप हलवा. एका वेळी एकच फवारा. लहान बाळाला मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, साधारण चार वर्षांपुढच्या मुलाच्या ओठांत थेट स्पेसरची तोंडी द्या. फवाऱ्यानंतर पाच-सहा शांत श्वास. अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, बाळाचे तोंड आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला तर आतल्या प्लास्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतींनाच चिकटते.

दुकाने बंद असतील किंवा स्पेसर परवडत नसेल तर अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढेच छिद्र करायचे, फट राहिली तर बंद करायची आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. केपटाउनमधील मुलांवर असा घरगुती स्पेसर तपासून त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि तो विकतच्या स्पेसरच्या तोडीचा ठरला.

साठ्याचा हिशोबही आईला शिकवा. बहुतेक पंपांत २०० फवारे असतात. रोज चार फवारे लागत असतील तर पंप पन्नास दिवस पुरेल. उघडला त्या दिवसाची तारीख पंपावर मार्करने लिहा. पाण्यात तरंगतो की बुडतो हे पाहून औषध उरले आहे का, ते कळत नाही. घरात नेहमी महिन्याची औषधे आणि वर दोन आठवड्यांचा राखीव साठा असावा. त्याहून जास्त साठवू नये, कारण तेच औषध दुसऱ्या मुलाला लागते.

‘वाफ’ या शब्दाने केलेला घोटाळा

आपल्याकडे नेब्युलायझरलाही ‘वाफ देणे’ म्हणतात आणि पातेल्यातल्या गरम पाण्याच्या वाफाऱ्यालाही ‘वाफ’ म्हणतात. डॉक्टरांनी फोनवर “दिवसातून तीनदा वाफ द्या” म्हटले, तर आई काय करेल याचा विचार करा. फोनवर बोलताना ‘मशीनने औषध’ असे स्पष्ट म्हणा. पातेल्याच्या वाफेने विषाणू मरत नाही, आकसलेली श्वासनलिका उघडत नाही. उलट पातेले कलंडून मुले भाजतात. कोविडच्या काळात असे भाजण्याचे प्रमाण वाढल्याचे इतर देशांतल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहे.

सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजारात मात्र नेब्युलायझर सोडता येत नाही, कारण खारट द्रावण आणि प्रतिजैविके त्यातूनच द्यावी लागतात. तेव्हा जागा बदला. मूल खिडकीपाशी, दार बंद, खिडकी उघडी, पंखा हवा बाहेर ढकलेल असा. औषध देणाऱ्या व्यक्तीने मास्क लावून मुलाच्या समोर न बसता बाजूला बसावे. घरातल्या आजीआजोबांनी तेवढा वेळ आणि नंतरही थोडा वेळ त्या खोलीत येऊ नये. कप व तोंडी प्रत्येक वेळी साबणाने धुऊन वाळवा, आणि उकळता येणारे भाग पाच मिनिटे पाण्यात उकळा. एकाचे मशीन दुसऱ्याने वापरायचे नाही, भाऊबहीण असले तरी.

कफ काढण्याचा नेम

ब्रॉन्किएक्टॅसिस आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांसाठी कफ बाहेर काढण्याचा व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. फिजिओथेरपिस्टकडे जाणे बंद झाले तर हा नेम सर्वांत आधी मोडतो, आणि मोडल्याचे लगेच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो तेव्हा कळते. म्हणून व्हिडिओ कॉलवर आईला किंवा मोठ्या मुलाला तो करताना बघा. वेळ सकाळी रिकाम्या पोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी. जेवल्यावर केला तर उलटी होते. आधी श्वासनलिका उघडणारा पंप, मग खारट द्रावण असेल तर ते, मग व्यायाम, आणि श्वासातून घ्यायचे प्रतिजैविक सर्वांत शेवटी, म्हणजे ते मोकळ्या झालेल्या जागेत पोहोचते.

लहान मुलांसाठी व्यायामाचा खेळ करा. स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढणे, साबणाचे फुगे उडवणे, आरशावर ‘हा’ करून धुके धरणे. हे सारे उघड्या हवेत, ओसरीवर किंवा गच्चीत, इतर मुले जवळ नसताना. कफ कागदात घेऊन, कागद पिशवीत बांधून टाकायचा आणि हात धुवायचे. नेहमीचा पांढरा कफ हिरवा, दाट किंवा जास्त झाला तर ताप येण्याची वाट न पाहता कळवायचे.

घरचा ऑक्सिजन: विजेची आणि आगीची काळजी

एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या. वर्षानुवर्षे घरी ऑक्सिजन घेणाऱ्या मुलांना तेव्हा सिलिंडर मिळवणे अवघड झाले. पुढच्या वेळी हे टाळायचे तर हिशोब आधी मांडावा लागतो. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. बाळाला मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल तर तो ५० तास पुरेल, एक लिटर लागत असेल तर २५ तास. हे उत्तर सिलिंडरवर चिकटवून ठेवा.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. त्यामुळे भारनियमन किंवा वादळवारा लक्षात घेऊन एक भरलेला सिलिंडर राखीव हवा, आणि घरी ऑक्सिजनवर मूल आहे हे महावितरणच्या जवळच्या कार्यालयाला लेखी कळवून ठेवावे. यंत्र भिंतीपासून वीतभर तरी दूर ठेवा, जाळीचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. देवघरातले निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, बिडी-सिगारेट हे सारे किमान दहा फूट दूर. नाकाला नळी घासून सोलवटले तर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका. पाण्यात मिसळणारे मलम डॉक्टरांना विचारून वापरा. आणि एक महत्त्वाचे. साथीत मोठ्यांना “पालथे झोपा” असे सांगितले गेले. तो सल्ला घरच्या तान्ह्या बाळाला लागू नाही. बाळ पाठीवरच झोपवायचे.

गळ्यात नळी असलेले मूल

ट्रॅकिओस्टॉमीच्या मुलाचा श्वास नाकातोंडाऐवजी गळ्यातून जातो, त्यामुळे तोंडावरचा मास्क ना त्याला वाचवतो, ना समोरच्याला. नळीवर बसवायचा, ओलावा धरणारा फिल्टर, ज्याला घरी ‘नाक’ म्हटले तरी चालेल, तो लावा, आणि ओला किंवा कफाने भरला की बदला. सक्शन करताना परिचारिकेने आणि आईनेही मास्क, चष्मा किंवा फेसशील्ड वापरावे, बाजूला उभे राहावे. सक्शनच्या नळीचा फ्रेंच आकडा ट्रॅकिओस्टॉमीच्या आतील व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. चार मिलिमीटरच्या नळीला आठ नंबर. नळी ठरवून मोजलेल्या लांबीपर्यंतच घाला. एका वेळी दहा सेकंदांच्या आत काम आटपा.

मुलाच्या सोबत सदैव एक पिशवी हवी: त्याच मापाची एक नळी, एक माप लहान नळी, फीत, कात्री, सक्शन कॅथेटर, सलाइन आणि अंबू बॅग. खेड्यातल्या घरात वीज नसताना चालणारे पायाचे किंवा हाताचे सक्शन यंत्र मिळवून द्यायला आरोग्य केंद्रातून प्रयत्न करा.

फोनवरून मूल कसे तपासायचे

२५ मार्च २०२० रोजी, देशभराची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, आपल्याकडे टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर झाल्या, आणि पाठोपाठ ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही मोफत सेवा सुरू झाली. ही सोय आज प्रत्येक पालकाला माहीत करून द्यायला हवी.

फोनवर “कसं आहे बाळ?” विचारले की उत्तर येते, “बरंय.” त्याऐवजी असे विचारा: “ताई, काल रात्री तो किती वेळा उठला? आज सकाळी किती भाकरी खाल्ली? शेवटची लघवी कधी केली? आराम देणारा निळा पंप दिवसात किती वेळा लागला?” मग व्हिडिओवर बाळाचे कपडे वर करून छाती आणि पोट दाखवायला सांगा, आणि आईसोबत तुम्हीही श्वास मोजा. मोठ्या मुलाला एका दमात आकडे म्हणायला सांगा आणि तो कुठे थांबतो ते कार्डावर लिहा. पुढच्या आठवड्यात तो वीसऐवजी आठला थांबला तर आवाजातूनच कळेल. ही प्रमाणित चाचणी नव्हे. त्या मुलाची स्वतःशीच केलेली तुलना आहे. मुलांच्या कोविडच्या मार्गदर्शक सूचनांत बारा वर्षांवरील मुलांसाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली होती, पण अनियंत्रित दम्याच्या मुलाला ती करायला लावू नये असेही त्याच सूचनांत बजावले होते.

थांबायचे नाही, निघायचे

साथीत अनेक पालक संसर्गाच्या भीतीने घरीच थांबले आणि उशीर झाला. म्हणून पुढील खुणा भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला सांगा. यातली एकही दिसली तर १०८ ला फोन करायचा, फोनवर परवानगी मागत बसायचे नाही:

- शांत असतानाही श्वास वेगाने चालतो: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, त्यापुढे ३० किंवा जास्त. कार्डावर मुलाचा नेहमीचाच वेग जास्त असेल, तर त्याहून ठळक वाढ.
- पोट उडते, बरगड्या आत ओढल्या जातात, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हते.
- ओठ किंवा जीभ निळसर पडते.
- डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेखाली ऑक्सिजन, किंवा नेहमीपेक्षा जास्त लिटर लागू लागले.
- पिणे, खाणे, बोलणे जमत नाही. मूल सुस्त पडते.
- आराम देणारा पंप लिहून दिल्याप्रमाणे देऊनही फरक नाही, किंवा आराम तीन-चार तासांतच ओसरतो.

कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या दिसल्या तरीही लगेच दाखवायचे. तापासाठी पॅरासिटामॉल किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने. ॲस्पिरिन नाही आणि कोणाच्या सांगण्यावरून प्रतिजैविकही नाही.

वॉर्डात आल्यावर

दारातच कार्ड बघा. नेहमीचा खोकला असलेल्या मुलाला संशयित रुग्णांच्या गर्दीत बसवू नका. त्याला वेगळी, हवेशीर जागा द्या, नमुना घ्या आणि निकाल येईपर्यंत कुणाशीही मिसळू देऊ नका. सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन मुलांना तर एका खोलीत कधीच ठेवायचे नाही. एकाचे जंतू दुसऱ्याला घातक ठरतात, म्हणून ही मुले सहा फुटांचे अंतर कोविडच्या आधीपासून पाळत आली आहेत.

पंप व स्पेसर मुलाचा स्वतःचा. औषध, तपासणी, आहार, अंथरूण बदलणे ही कामे एकत्र जोडून खोलीत कमी वेळा, पण पुरेसा वेळ जा. नेब्युलायझर, सक्शन, हाय-फ्लो ऑक्सिजन या वेळी एन-९५ चेहऱ्याला सगळीकडून नीट चिकटला आहे याची खात्री करा. गंभीर मुलाला नेब्युलायझर लागत असेल तर भीतीपोटी तो थांबवायचा नाही. आपण पूर्ण संरक्षक पोशाख घालून जायचे. एक टक्का हायपोक्लोराइटने फरशी पुसायची असेल तेव्हा मूल खोलीबाहेर असू द्या, कारण त्या वासाने दमा उसळतो.

पांढऱ्या पोशाखातला चेहरा नसलेला माणूस पाहून मूल रडते, आणि रडण्याने श्वास आणखी वाढतो. पोशाखावर आपले नाव आणि हसरा फोटो लावा. काचेबाहेरून आधी मास्क काढून चेहरा दाखवा. आईला मुलापासून तोडू नका. मास्क लावून तिला सोबत राहू द्या.

घरगुती उपायांबद्दल प्रेमाने, पण स्पष्ट

कोविडच्या काळात कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या घरोघर हुंगल्या गेल्या. कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. तो मुलापासून दूर ठेवा. तान्ह्याला धुरी देणे, खोलीत शेगडी, डासांची कॉइल, धूप हे सारे अशा फुप्फुसांसाठी धूरच. बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडण्याची जुनी चाल तर सोडायलाच हवी, कारण तेल फुप्फुसात उतरून लवकर बरा न होणारा न्यूमोनिया होऊ शकतो. आजी हे सारे मायेने करते, म्हणून तिला दटावू नका. तिला दुसरे काम द्या: शेंगदाण्याचे लाडू, तूप घातलेली मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. धाप लागणाऱ्या मुलाची बरीच शक्ती श्वासातच खर्च होते. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात घामातून मीठ फार जाते. त्याला किती जादा मीठ आणि पाणी द्यायचे ते लिहून घ्या.

लस आणि मास्क

साथीत नेहमीच्या लसी चुकतात. चुकलेल्या शोधून पूर्ण करा. न्यूमोकॉकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दर वर्षी. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदा घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. घरातल्या मोठ्यांनीही घ्यावी, कारण घरातली लस घेतलेली माणसे त्या मुलाभोवतीची पहिली भिंत असतात. मास्क पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना नको, सहा ते अकरा देखरेखीखाली, बारापुढे मोठ्यांसारखा. मास्कने घुसमटणाऱ्या मुलाला जबरदस्ती नको; त्याच्याजवळ येणाऱ्यांनी मास्क लावावा.

आई आजारी पडली तर?

साथीत हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि सर्वांत आधी उभा राहतो. सक्शन, पंप, व्यायाम, ऑक्सिजन हे सारे घरात फक्त एका व्यक्तीला येत असेल, तर त्या मुलाची सुरक्षा एका माणसाच्या तब्येतीवर टांगलेली आहे. पहिल्याच भेटीत दुसरे नाव विचारा. वडील, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कोणीही. त्या व्यक्तीला समोर बसवून शिकवा आणि तिच्याकडून करून घ्या. आशाताईंना त्या घराची माहिती द्या.

मुलाशीही बोला. शाळा बंद, मित्र बंद, आणि प्रत्येक खोकल्याला घर दचकते, हे त्याला कळत असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला कार्डावरच्या आकड्यांचा अर्थ सांगा, रोजचा आकडा त्यालाच वहीत लिहू द्या. स्वतःच्या श्वासाची नोंद ठेवणारे मूल घाबरून गप्प बसत नाही, वेळेवर हाक मारते.

आणि साथीत रुग्णालयाच्या दारात पुन्हा तो प्रश्न विचारला गेला, “खोकला आहे का?”, तर त्या आईला ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात अडकावे लागू नये. तिने कार्ड पुढे करून सांगावे: “सिस्टर, हा याचा नेहमीचा खोकला. आणि हे बघा, कालपासून हे नवीन आहे.” एवढे ती सांगू शकली, तर तुम्ही तिला शिकवलेले कामी आले.